दरवाजा एकाने उघडला, भरपाई दुसऱ्यांनी भरली: एलबीएसवरच्या एका अपघाताचं प्रकरण

जुलै महिना, संध्याकाळचे आठ वाजून गेलेले, पावसाची रिपरिप चालू. मुंबईत भांडुप पश्चिमेला लालबहादूर शास्त्री (एलबीएस) मार्गावर मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे मधोमध उभे होते. मुलुंडकडे जाणाऱ्या बाजूला जेमतेम दोन गाड्या शेजारीशेजारी जातील एवढी जागा उरली होती. डाव्या कडेला स्कूटरांची रांग आणि तिच्या पुढे माल उतरवणारा छोटा टेम्पो. तिथे ॲपवरून बोलावलेली एक टॅक्सी आली. मागच्या सीटवर नवरा-बायको, बायकोच्या मांडीवर झोपलेलं मूल, पायाशी पिशव्या. "दादा, इथेच थांबवा, समोरच जायचंय," नवरा म्हणाला. चालकाने पार्किंग लाइट लावून गाडी होती तिथेच, चालू रांगेत उभी केली. डाव्या दाराशी बायको आणि मूल, त्यांना उतरायला वेळ लागणार. म्हणून नवऱ्याने आपल्या बाजूचा, म्हणजे रस्त्याकडचा उजवा दरवाजा उघडला.

मागून एक इलेक्ट्रिशियन मोटरसायकलवर घरी निघाला होता. वय ३७. थांबलेल्या टॅक्सीला त्याने उजवीकडून वळसा घातला. त्याच वेळी त्याच्याही उजवीकडून पाण्याचा टँकर त्याला ओलांडत होता. दरवाजाची कड हँडलला लागली, मोटरसायकल उजवीकडे कलंडली आणि तो टँकरच्या पुढच्या व मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत पडला. डावं मागचं चाक पोटावरून गेलं. मृत्यू जागीच झाला.

हे कुठल्या एका दाव्याचं टिपण नाही. मोटार अपघात दाव्यांमध्ये पुन्हापुन्हा दिसणारे धागे एकत्र विणून प्रकरण उभं केलं आहे. माणसं आणि त्यांच्या रकमा कल्पित आहेत. कलमं, मुदती आणि वरिष्ठ न्यायालयांचे निकाल खरे. हाच प्रसंग घेण्याचं कारण असं, की इथे चूक कोणाची, गुन्हा कोणाचा आणि पैसे कोणाचे, या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या माणसांपाशी जातात.

रात्रीचा गुन्हा आणि सकाळचा सीसीटीव्ही

पहिल्या रात्री गुन्हा नोंदला गेला तो फक्त टँकरचालकावर. 'हयगयीने, बेदरकारपणे वाहन चालवून मोटरसायकलस्वाराच्या मृत्यूस कारणीभूत', ही पोलीस ठाण्यातली ठरलेली वाक्यरचना. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यामुळे कलमं नवी: १०६(१) आणि २८१. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षं होती, १०६(१) मध्ये ती पाच झाली आहे. गुन्हा मात्र जामीनपात्रच राहिला. टँकरचालक पळाला नाही, हे त्याच्या बाजूचं. पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं १०६(२) हे पोटकलम, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाकं थांबवली, ते संहितेच्या बाकीच्या कलमांबरोबर अंमलात आणलंच गेलं नाही.

मोठ्या गाडीखाली माणूस गेला की चूक मोठ्या गाडीची, हे मुंबईच्या रस्त्याचं जुनं गृहीतक आहे. गर्दी तसंच समजते आणि पहिला जबाबही गर्दीतूनच येतो. या प्रकरणाला कलाटणी दिली ती दोन गोष्टींनी. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून होता. आणि वडापावच्या गाडीवाल्याने जबाब द्यायची तयारी दाखवली. 'कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार' म्हणून अशी माणसं मागे सरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं १३४-अ हे कलम जखमीला मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं, पण त्याची माहिती रस्त्यावर फारशी पोचलेली नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण निम्मे दावे इथेच जिंकले किंवा हरले जातात असं माझं मत आहे. दुकानांच्या रेकॉर्डरमध्ये जागा मर्यादित असते. ती भरली की जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. दिवसकार्य उरकेपर्यंत थांबलेल्या कुटुंबाला अनेकदा रिकामा रेकॉर्डर मिळतो. इथे मृताच्या धाकट्या भावाने दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज दिला. चित्रण जप्त करताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारं प्रमाणपत्रही घेतलं गेलं. भरपाईचे दावे ऐकणारं मोटार अपघात न्यायाधिकरण पुराव्याच्या नियमांबाबत एवढं काटेकोर नसतं, फौजदारी कोर्ट असतं. पुढे हा कागद तिथेच लागला.

चित्रणात दिसलं ते असं: टॅक्सी थांबल्यावर क्षणभरातच उजवा दरवाजा एका झटक्यात पूर्ण उघडला. प्रवाशाने मान मागे वळवलेली नव्हती. गुन्ह्यात प्रवासी आणि टॅक्सीचालक या दोघांची नावं वाढली. प्रवाशाला याचं आश्चर्य वाटलं. "मी गाडी चालवतच नव्हतो," तो म्हणाला. पण १०६(१) मध्ये वाहन चालवण्याची अट नाही. हयगयीच्या कोणत्याही कृतीने मृत्यू घडला की ते कलम लागू शकतं.

रस्ता, वेग आणि साडेसहा मीटर

घटनास्थळ पंचनाम्यात स्कूटरांच्या रांगेपासून पत्र्यापर्यंतची रुंदी साडेसहा मीटर नोंदली होती. टॅक्सी पावणेदोन मीटरच्या आसपास, टँकर अडीच मीटर. दोघांची बेरीज सव्वाचार. उरलेल्या सव्वादोन मीटरमध्ये स्कूटर-टॅक्सी, टॅक्सी-टँकर आणि टँकर-पत्रा अशा तीन फटी. टॅक्सीचा मागचा दरवाजा पूर्ण उघडला की साधारण एक मीटर बाहेर येतो. मोटरसायकल जायची ती टॅक्सी-टँकरमधल्या फटीतून.

ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त. समोर काहीतरी आलं हे डोळ्याला दिसून हात ब्रेकपर्यंत पोचायला सेकंदभर तरी जातो, ओल्या रस्त्यावर पुढे चाक धरायला आणखी वेळ. दरवाजा उघडताना मोटरसायकल टॅक्सीच्या मागच्या बंपरशी होती. म्हणजे ब्रेकचा प्रश्नच उरला नाही. स्वाराला काही ठरवता आलं असतं तर ते आधी: टॅक्सीच्या मागे थांबायचं की फटीतून जायचं. एलबीएसवर आठ वाजता थांबणारा मोटरसायकलस्वार मी तरी पाहिलेला नाही. मागचे हॉर्नच त्याला पुढे ढकलतात.

टँकरचा वेग जास्त नव्हता. त्याची चूक वेगळी होती. तो मागून आला आणि जागा नसताना, मोटरसायकल शेजारी असताना, ओलांडायला निघाला. शिवाय आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने तपासणी अहवालात एक ओळ लिहिली होती, जिच्याकडे सुरुवातीला कोणाचं लक्ष गेलं नाही: ब्रेक ठीक, डाव्या बाजूचा साइड गार्ड नाही. अवजड मालवाहू गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये बाजूने आडवे दांडे बसवणं बंधनकारक आहे, ते यासाठीच, की कोणी बाजूला पडला तर चाकांच्या मध्ये सरकू नये. या टँकरचे दांडे कधीतरी वाकले असतील आणि कापून टाकले असतील. मुंबईत फिरणाऱ्या पाण्याच्या टँकरांकडे एकदा बाजूने बघा. दांडे जागेवर नसलेले किती दिसतात ते मोजावं लागणार नाही.

मग पत्रे, चिखल, डबल पार्किंग? ही कारणं होतीच. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत कसूर करणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड करणारं १९८-अ हे कलम मोटार वाहन कायद्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पण इथे खड्डा नव्हता. पत्रे परवानगीने उभे होते. आणि न्यायाधिकरणाकडे मागायची भरपाई गाड्यांभोवती फिरते. कुटुंबाच्या वकिलाने रस्त्याच्या यंत्रणेला सामनेवाला, म्हणजे प्रतिवादी, केलं नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. सामनेवाल्यांची रांग जितकी लांब, तितक्या तारखा जास्त.

'पाच लाख घ्या आणि मोकळे व्हा'

मृताच्या घरात पत्नी, तिची सासू आणि शाळेत जाणारी दोन मुलं. महिना-दीड महिन्यात विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला. दीर म्हणाला, "वहिनी, पाच लाख लगेच मिळतायत. कोर्टात वर्षं जातील. मुलांच्या फिया कोण भरणार?"

हे पाच लाख म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १६४. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या कलमाप्रमाणे मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळतात. सोय चांगली आहे. ज्यांच्याकडे साक्षीदार नाही, चित्रण नाही, ज्यांच्या माणसाचीच चूक होती, त्यांना हाच रस्ता. पण त्याच्याशी जोडलेली एक अट फोनवरचा माणूस स्वतःहून सांगत नाही: १६४ खाली भरपाई स्वीकारली की १६६ खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा, दावा संपतो. ज्या घरातला कमावता ३७ व्या वर्षी गेला, त्या घरासाठी हा फरक किती मोठा आहे ते पुढच्या हिशेबात दिसेलच.

दुसरी गोष्ट मुदतीची. १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट २०२२ पासून पुन्हा आली. तिला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत, पण त्यांच्या भरवशावर थांबणं शहाणपणाचं नाही. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनीच अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो, आणि न्यायाधिकरण त्यालाच अर्ज मानू शकतं. तरीही पत्नीने स्वतंत्र अर्ज चौथ्या महिन्यात दाखल केला. अर्जदार चार: ती, दोन मुलं, सासू. सामनेवाले: टॅक्सीचा चालक, मालक आणि विमा कंपनी, टँकरचा चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी.

आणि दरवाजा उघडणारा? तो या यादीत नाही.

उभी गाडी 'वापरात' असते का

टॅक्सीच्या विमा कंपनीची लेखी कैफियत नेटकी होती. गाडी उभी होती. चालकाने काहीच केलं नाही. दरवाजा प्रवाशाने उघडला, प्रवासी आमचा विमाधारक नाही, चालक नाही, मालक नाही. तेव्हा भरपाई प्रवाशाकडून घ्या.

वरवर पाहता हे पटतं. पण कायदा 'गाडी चालवण्यातून' घडलेल्या अपघाताबद्दल बोलत नाही, 'गाडीच्या वापरातून' घडलेल्या अपघाताबद्दल बोलतो. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे या निकालात स्पष्ट केला, आणि ते प्रकरण आपल्याच साताऱ्याचं आहे. १९८७ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ४ वर पहाटे एक पेट्रोल टँकर कलंडला. पेट्रोल गळत राहिलं, ते भरून घ्यायला लोक जमले आणि काही तासांनी स्फोट होऊन अनेकजण भाजून मेले. कंपनीचं म्हणणं, टँकर तेव्हा वापरातच नव्हता, तो आडवा पडलेला होता. न्यायालयाने ते मानलं नाही. गाडी धावत नसली, बंद पडली असली तरी ती वापरात असू शकते, आणि अपघाताचा तिच्याशी कारणसंबंध असला की पुरे. कलंडलेला टँकर वापरात, तर प्रवासी उतरवायला थांबलेली टॅक्सी वापरात नाही असं कसं म्हणणार? प्रवाशाला उतरवणं हा तर टॅक्सीचा धंदाच.

मग चालकाची हयगय. उलटतपासणीत त्याने तीन गोष्टी कबूल केल्या: पन्नास पावलांवर पुढे कडेला जागा होती, उजव्या मागच्या दाराचं चाइल्ड लॉक त्याने लावलेलं नव्हतं, आणि 'डावीकडून उतरा' असं तो म्हणाला नाही. गाडी धोका किंवा अडथळा होईल अशी उभी करायला कलम १२२ मनाई करतं. चालू रांगेत थांबवलेली टॅक्सी त्यात सरळ बसते. आरशात मागचा रस्ता दिसतो तो चालकाला. प्रवाशाला तो आरसा नाही.

प्रवाशाचं काय, हा प्रश्न उरतोच. कलम १६८ प्रमाणे न्यायाधिकरण भरपाई द्यायला सांगतं ती विमा कंपनीला, मालकाला किंवा चालकाला. प्रवासी त्या ओळीत नाही. ज्याच्या हाताने दरवाजा उघडला तो पैशाच्या बाजूने जवळजवळ सुटला, फौजदारी पिंजऱ्यात मात्र उभा राहिला. हे विचित्र वाटतं खरं. पण मृताच्या घराच्या बाजूने बघितलं तर वेगळं दिसतं. प्रवाशाकडून वसूल करायचं तर स्वतंत्र दिवाणी दावा, कोर्ट फी, आणि शेवटी एका पगारदार माणसाच्या पगारातून हप्ते. सक्तीचा तृतीय पक्ष विमा आहे तो ही धावपळ टळावी म्हणूनच.

पट्टा न बांधलेलं हेल्मेट

दोन्ही विमा कंपन्या ज्या मुद्द्यावर एकत्र आल्या तो मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा. चित्रणात पडताना हेल्मेट डोक्यावरून उडालेलं दिसत होतं. म्हणजे हनुवटीखालचा पट्टा बांधला नव्हता. कलम १२९ नुसतं हेल्मेट घालायला सांगत नाही, ते पट्ट्याने घट्ट बांधायला सांगतं. नियम मोडला, यात वाद नव्हता. सबब निम्मी भरपाई कापा, अशी मागणी.

इथे न्यायाधिकरणाने शवविच्छेदनाचा अहवाल वाचून दाखवला. मृत्यूचं कारण पोट आणि ओटीपोटावरच्या चिरडल्याच्या जखमा. डोक्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. हेल्मेट पट्टा बांधून घातलं असतं तरी माणूस वाचला नसता, आणि ते नीट न घातल्यामुळे दरवाजाही उघडला नाही. २०२० च्या मोहम्मद सिद्दिकी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या निकालात मोटरसायकलवर तिघे बसले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिघे बसणं हा नियमभंग असेल, पण त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाईत कपात करता येणार नाही. मुंबईत वाहतूक पोलिसाच्या चलनाची सवय झालेल्या आपल्या डोक्यात नियम मोडणारा आणि दोषी हे एकच असतात. भरपाईच्या कायद्यात ते एक नाहीत. हेल्मेटसाठी कपात: शून्य.

पार्किंग लाइट लावलेल्या टॅक्सीला इतकं खेटून का गेला, या मुद्द्यावर मात्र न्यायाधिकरणाने दहा टक्के दोष मृतावर ठेवला. ५० टक्के टॅक्सीचा, ४० टक्के टँकरचा. मला हे दहा टक्के पटत नाहीत. लांबून जायला जागा कुठे होती? उजवीकडून टँकर चढत होता. पंचनाम्यातले साडेसहा मीटर न्यायाधिकरणासमोर होते. त्यांची वजाबाकी कोणी करून दाखवली नाही, एवढंच.

पैशांच्या बाबतीत ५० आणि ४० चा हिशेब अर्जदारांना करावा लागत नाही. दोन गाड्यांच्या चुकीने तिसऱ्याचा जीव गेला की उरलेली सगळी रक्कम त्यांच्यापैकी कोणाकडूनही मागता येते. आपसातला वाटा त्यांनी नंतर बघावा. २०१५ च्या खेन्यी निकालाने हे पक्कं केलं आहे.

एकच लायसन्स, दोन निकाल

टॅक्सीचालकाकडे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स होतं, व्यावसायिक वाहनाची वेगळी नोंद नव्हती. विमा कंपनीने हा मुद्दा लावून धरला. तो टिकला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात सांगितलं की ७,५०० किलोच्या आतलं वाहतुकीचं वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं.

टँकरचालकाकडेही तसंच लायसन्स होतं. पण पाण्याने भरलेला टँकर त्या वजनाच्या कितीतरी पुढे. इथे विमा अटीचा भंग खरा ठरला. तरीही, २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून चालत आलेली वाट अशी, की विमा कंपनीने आधी कुटुंबाला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे. वसुलीचा हुकूम कोणाविरुद्ध? नोंदणीकृत मालकाविरुद्ध. तो ठाण्याचा निवृत्त कंत्राटदार कोर्टात येऊन हादरलाच. "साहेब, टँकर मी वर्षापूर्वी विकला. पैसे रोख घेतले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटला दिले. चालक कोण ठेवला मला काय माहीत?"

एजंटने फॉर्म आरटीओत दिलेच नव्हते. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आणि २०१८ च्या नवीनकुमार निकालाप्रमाणे आरसी बुकावर ज्याचं नाव, भरपाईसाठी मालक तोच. हातोहात दहा ठिकाणी गाडी विकली गेली असली तरी मृताच्या बायकोने खरा मालक शोधत फिरावं अशी अपेक्षा कायदा करत नाही. कंत्राटदाराला विकत घेणाऱ्यावर स्वतंत्र दावा लावता येईल. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत वाईट वाटलं ते या माणसाबद्दल, आणि तरी निकाल बरोबरच आहे.

रकमेचा हिशेब

इलेक्ट्रिशियनकडे पगाराची पावती नव्हती, आयकर विवरणपत्र नव्हतं. पत्नीने महिना ३५,००० सांगितले. बँकेच्या पासबुकातल्या यूपीआयच्या नोंदी, दोन सोसायट्यांची बिलं आणि वायरमनचा परवाना बघून न्यायाधिकरणाने २४,००० धरले. म्हणजे वर्षाला २,८८,०००. प्रणय सेठी प्रकरणाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के: ४,०३,२००. अवलंबून असलेले चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: ३,०२,४००. सरला वर्मा निकालाच्या कोष्टकाप्रमाणे ३६ ते ४० वयाला गुणक १५. एकूण ४५,३६,०००.

त्यात सहवास गमावल्याचे प्रत्येकी ४८,४००, चौघांचे मिळून १,९३,६००. मुलांना वडिलांच्या आणि आईला मुलाच्या सहवासाचेही हे पैसे मिळतात, हे २०१८ च्या मॅग्मा निकालानंतर स्पष्ट झालं. त्याआधी बहुतेकदा फक्त पत्नीचा विचार व्हायचा. मालमत्तेची हानी १८,१५० आणि अंत्यसंस्कार १८,१५०. (मूळ आकडे ४०,००० आणि १५,०००, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढतात.) बेरीज ४७,६५,९००. दहा टक्के वजा जाऊन ४२,८९,३१०, अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याजाने. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत.

दिराने सुचवलेल्या पाच लाखांच्या जवळजवळ साडेआठ पट.

फौजदारी खटला अजून दंडाधिकाऱ्यांपुढे आहे. मृताच्या भावाने सरकारी वकिलांना विचारलं होतं, सदोष मनुष्यवधाचं कलम का नाही लावलं? वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सातजण मेले, तेव्हा उच्च न्यायालयाने ते कलम लावून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. फरक जाणिवेचा आहे. तिथे दारू पिऊन बेफाम गाडी चालवणाऱ्याला, यातून माणसं मरू शकतात याची जाणीव होती असं न्यायालयाने धरलं. मागे न बघता दरवाजा उघडणाऱ्याला तशी जाणीव होती, असं पुराव्यावरून म्हणता येत नाही. तिघेही आरोपी सुटले तरी भरपाईच्या निवाड्याला धक्का लागत नाही. एकीकडे संशयातीत पुरावा लागतो, दुसरीकडे शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. एन.के.व्ही. ब्रदर्स निकालापासून, म्हणजे १९८० पासून, हे ठरलेलं आहे.

टॅक्सीच्या विमा कंपनीने 'वापर' या मुद्द्यावर कलम १७३ खाली उच्च न्यायालयात अपील केलं आहे. पत्नीनेही ९० दिवसांच्या आत आपलं अपील दाखल केलं, फक्त त्या दहा टक्क्यांसाठी. रक्कम ४,७६,५९०. सोबत पंचनाम्याच्या नकाशाची प्रत आणि त्यावर या वेळी वकिलाने पेनाने मांडलेली वजाबाकी: साडेसहा वजा पावणेदोन, वजा अडीच, वजा दरवाजाचा एक मीटर.